छोटं विमान उडवायच्या आधी काय काय तपासायचं

सोलापुरातली जी पोरंपोरी पायलट ट्रेनिंगला जातायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. छोटं विमान पडलं की लोक लगेच म्हणतात इंजिन बंद पडलं, पण बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं, लँडिंगला वळताना स्पीड कमी होऊन स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचलच जाते, कोण ढगात घुसतो, नाहीतर सरळ इंधनच संपतं. हे शेवटचं जमिनीवरच थांबवता येतं, म्हणून तिथनंच सुरुवात करा.

गेजवर अजिबात विसंबू नका. पंखावरची झाकणं उघडा, डिपस्टिक घाला, स्वतः बघा. मग टाकीच्या तळातनं सॅम्पल काढा, १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं आणि पाणी जड म्हणून खाली बसतं. पण कप सगळा पाण्यानंच भरला असेल तर पेट्रोल-पाण्यामधली रेष दिसणारच नाही, म्हणून रंग बघा, वासही घ्या. काढून काढून पाणी येतच राहिलं तर उडायचं नाही, विषय संपला.

कंट्रोल लॉक, म्हणजे विमान उभं असताना वाऱ्यानं कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेली अडकवण, काढलाय का बघा आणि स्टिअरिंग सगळीकडं पूर्ण फिरवा. १९३५ साली बोईंगचं मॉडेल २९९ लॉक तसाच राहिल्यामुळं टेकऑफलाच पडलं, तेही अनुभवी पायलटच्या हातात, आणि तिथनं पुढं पायलटच्या हातात चेकलिस्ट आली. पाठ असली तरी वाचूनच करा. मधेच कोणी बोलायला आलं, फोन वाजला, तर परत पहिल्यापासनं.

पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे स्पीड मोजायच्या नळीत, कुंभारीण माशी माती भरते, मग स्पीड चुकीचा दिसतो. इंजिनाच्या झाकणात पक्ष्यांची घरटी बघा. ऑइल, टायर, ब्रेक तर आहेच.

आता आपल्याकडचं ऊन. सोलापूर विमानतळ साधारण १,६०० फुटांवर, त्यात मे महिन्यात ४२ डिग्री म्हणजे विमानाला ५,००० फुटांच्या वरची विरळ हवा मिळते, धाव लांबते आणि चढ मंदावतो. चौघं बसवून टाक्या फुल्ल करून दुपारी निघायचं म्हणताय तर आधी वजनाचा हिशोब करा, मॅन्युअलमधला टेकऑफचा तक्ता उघडा, आणि जमत असेल तर सकाळीच निघा की.

शेवटी रनअप, म्हणजे टेकऑफआधी उभ्यानंच इंजिन वाढवून तपासणं. सेसना १७२एस असेल तर १,८०० आरपीएमला एकेक मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारे दोन संच) बघा, आरपीएम १५० पेक्षा जास्त पडला किंवा दोघांत ५० पेक्षा जास्त फरक आला तर मागं कितीही विमानं लाइनीत असू देत, टॅक्सी करून परत या आणि इंजिनिअरला दाखवा.