फुकट बग शोधताय? या चुका टाळा

व्हल्नरेबिलिटी डिस्क्लोजर प्रोग्राम, म्हणजे व्हीडीपी, तुम्हाला एवढंच आश्वासन देतो: बग, म्हणजे आमच्या यंत्रणेतली सुरक्षेची त्रुटी, कळवा, आम्ही दुरुस्त करू, नियमात राहिलात तर कायद्याचं लचांड मागे लावणार नाही. पैशांचं नाव नाही. मग फुकट कशाला राबायचं? माझ्या मते सुरुवातीला जरूर राबावं, पण बदल्यात काय हवंय ते आधी ठरवून. अनेकांचं तिथेच फिसकटतं.

सर्वांत महागात पडते ती व्हीडीपीला बग बाउंटी, म्हणजे बगसाठी पैसे देणारी योजना, समजण्याची चूक. रिपोर्टमध्ये 'बक्षीस किती?' असं विचारलंत की ट्रायज करणारा, म्हणजे आलेले रिपोर्ट तपासणारा, सावध होतो. 'आधी पैसे, मग तपशील' म्हणालात तर ती सरळ खंडणी वाटते आणि सेफ हार्बरचा, म्हणजे कायदेशीर कारवाई न करण्याच्या आश्वासनाचा, आधारही जातो.

नियम न वाचता हात घालणं ही दुसरी चूक. साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी फाइल दिसली की काहींना मोकळं रान मिळाल्यासारखं वाटतं. २०२२ च्या आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात या फाइलची रचना ठरली आहे. ती बग कुठे कळवायचा ते सांगते, तपासणीची परवानगी देत नाही. परवानगी असते ती पॉलिसीच्या पानावर, तिथल्या स्कोपमध्ये, म्हणजे काय तपासायचं त्याच्या यादीत.

स्कोपमध्ये असतानाही थांबायचं कुठे, हे कळलं पाहिजे. समजा, बिलाच्या लिंकमध्ये शेवटी १०४१ आकडा आहे आणि तो १०४२ केल्यावर दुसऱ्याचं बिल उघडेल अशी शंका आली. अशा वेळी स्वतःचीच दोन खाती काढा. एका खात्यातून लॉगिन करून आपल्याच दुसऱ्या खात्याचं बिल उघडून पाहा. उघडलं? झालं, आयडॉर, म्हणजे नुसता आकडा बदलून दुसऱ्याचा डेटा उघडण्याचा दोष, सिद्ध झाला. 'परिणाम दाखवायला' स्क्रिप्ट लावून हजार बिलं उतरवलीत, तर तुमच्या हातात बग नाही, लोकांचा चोरलेला डेटा आहे. रिपोर्टमध्ये दोन्ही खाती, नेमकी रिक्वेस्ट, आलेला रिस्पॉन्स आणि 'कोणाचं काय दिसू शकतं' हे एका वाक्यात लिहा. एवढं पुरतं.

याउलट, बग शोधणाऱ्या स्वयंचलित स्कॅनरचा निकाल जसाच्या तसा चिकटवणारे खूप. अमुक सुरक्षा हेडर नाही, तमुक पानावर क्लिकजॅकिंग (फसवून नको तिथे क्लिक करायला लावणं). ज्या पानावर बटणच नाही, तिथे क्लिकजॅकिंगने कोणाचं काय बिघडणार? हॅकरवन या बग कळवण्याच्या प्लॅटफॉर्मवर 'नॉट अॅप्लिकेबल' शेरा बसला की रेप्युटेशनचे गुण कमी होतात. आणि व्हीडीपीतली खरी कमाई तीच असते: वैध रिपोर्टने गुण वाढतात, पैसे देणाऱ्या खासगी प्रोग्रामची आमंत्रणं येण्यात त्यांचा वाटा असतो.

पेंटागॉनने २०१६ मध्ये आधी 'हॅक द पेंटागॉन' ही बाउंटी घेतली आणि त्याच वर्षी बिनपैशाचा कायमस्वरूपी व्हीडीपी उघडला. त्यावर हजारो रिपोर्ट आले. डच सरकार तर 'मी डच सरकार हॅक केलं आणि मिळाला फक्त हा भिकार टी-शर्ट' अशा अर्थाचा मजकूर छापलेला टी-शर्ट देतं. (खरं सांगायचं तर तो मलाही हवाय.) नवख्याला अशा ठिकाणी खऱ्या यंत्रणेवर कायदेशीर सराव मिळतो आणि रेझ्युमेवर दाखवायला काहीतरी होतं.

पण हात बसल्यावरही तिथेच रमणं चूक. नफ्यातली कंपनी आपलं मुख्य उत्पादन वर्षानुवर्षं फुकट तपासून घेत असेल आणि तसल्याच बगला इतरत्र पैसे मिळत असतील, तर तिथे रात्री जागवू नका. सहज दिसलं तर कळवा, मुद्दाम शोधायला जाऊ नका.

आणि उत्तरच आलं नाही तर? चिडून ट्विट करू नका. गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या बग शोधणाऱ्या टीमची, बग जाहीर करण्याआधीची ९० दिवसांची मुदत हा त्यांचा नियम आहे; तुम्ही ज्या पॉलिसीखाली रिपोर्ट दिला, तिच्यात जाहीर करण्याबद्दल काय म्हटलंय ते पाहा. एक-दोनदा सभ्यपणे आठवण करा, तारखांसह सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. तरी सामसूम असेल तर त्या देशाच्या सर्टकडे (सायबर सुरक्षेच्या आपत्कालीन पथकाकडे) किंवा सर्ट-सीसी या अमेरिकेतल्या समन्वय केंद्राकडे प्रकरण द्या. सर्ट-सीसी कंपनीशी समन्वय साधतं आणि साधारण ४५ दिवसांनी माहिती जाहीर करण्याचं त्यांचं धोरण आहे.