समोरचा बोलायचा थांबला की तीन अंक मोजा

बायको ऑफिसातून येते, पर्स खुर्चीत टाकते आणि म्हणते, "आज सरांनी पुन्हा माझं काम दुसऱ्याला दिलं." नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "मग तू बोलत का नाहीस त्यांच्याशी?" "जाऊ दे," म्हणत ती कुकर लावायला आत जाते. नवऱ्याने वाक्य ऐकलं होतं, सल्लाही तसा चुकीचा नव्हता. त्याने ऐकून घेतलं नाही, एवढंच. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि शिकायची आहे ती दुसरी.

गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते: समोरचा थांबतो त्या क्षणाला. दहा भाषांमधल्या संभाषणांची मोजणी करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम ०.२ सेकंद जातात, असं त्यात दिसलं. एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. "चहा घेणार का?" अशा बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. मनाला लागलेल्या गोष्टीत मात्र माणूस आधी वरवरचं सांगतो, थांबतो आणि जमलं तर मग खरं सांगतो. त्या थांब्यात आपण शिरलो की खरं ते आतच राहतं.

म्हणून पहिली सवय: समोरचा थांबला की मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणा. सुरुवातीला हे तीन सेकंद फार लांब वाटतात आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. तो आधीच दुसऱ्या खोलीत ठेवा; टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइलही लक्ष ओढत राहतो. टीव्हीचा आवाज कमी करून भागत नाही, बंद करा. फोनवर बोलताना मात्र पूर्ण शांत राहू नका, कारण दुसऱ्या सेकंदाला "हॅलो, आहेस ना?" येतं. तिथे "हं" म्हणावं लागतं. गोष्ट सांगणारी आजी नातवंडांना हुंकार द्यायला लावायची ते याचसाठी: हुंकार थांबला की पोरं झोपली, हे तिला अंधारात कळायचं. पण दर चार शब्दांना "हो हो हो" केलं तर ते "आटप लवकर" असं ऐकू येतं. वाक्य संपल्यावर एक "हं" पुरे.

यानंतर काय बोलायचं? शक्यतो त्यांचाच शब्द उचला. "पुन्हा?" एवढंच विचारलं तरी बायको मागच्या महिन्यातलं सांगू लागेल. "मग?", "म्हणजे कसं?", "तू काय म्हणालीस?" हे तीन प्रश्न रोजच्या वापराला भरपूर आहेत. "का" जपून वापरा. "का नाही सांगितलंस?" म्हटलं की समोरचा जबाब द्यायला लागतो. त्याऐवजी "सांगताना काय आड आलं?" असं विचारलं की माणूस आठवू लागतो.

तीन वाक्यं जिभेवर आली की गिळा. "अगं, माझंही अगदी असंच झालं" म्हटलं की विषय तुमच्याकडे येतो. "सोड गं, एवढं काय" म्हटलं की तिचं दुःख लहान ठरतं. आणि "बरोबर आहे तुझं, पण…" यातलं पहिलं अर्धं कुणालाच ऐकू जात नाही.

चार-पाच मिनिटांनी, समजलेलं एकदा बोलून दाखवा: "म्हणजे काम गेलं यापेक्षा तुला विचारलंही नाही, याचं जास्त लागलं, असं ना?" समुपदेशनात कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी रुजवलेली ही पद्धत घरात बिघडते ती पोपटपंचीमुळे. त्यांचंच वाक्य जसंच्या तसं परत करू नका आणि एका बैठकीत एकदोनदाच करा. शेवटचा "असं ना?" फार महत्त्वाचा. तुमचा अंदाज चुकला तर ती "नाही, तसं नाही" म्हणून नेमकं सांगेल, म्हणजे चुकूनही काम झालंच. सल्ला द्यावासा वाटला तर आधी विचारा: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?"

वयात आलेली मुलं समोरासमोर बसवलं की गप्प होतात. त्यांच्याशी गाडीत, भाजी निवडताना किंवा रात्री चालताना बोलणं सुचतं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. गावी असलेल्या आईला "बरी आहेस ना?" विचारलं तर "बरंय" हेच उत्तर येणार. "रात्री किती वेळा जाग आली?" किंवा "आज जेवायला काय केलंस?" असं नेमकं विचारा.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते. घरात पन्नाशी-साठीतलं कुणी "ऐकतच नाही" अशी तक्रार असेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्या. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी कमी होतात. आवाज कळतो पण स, श, फ अशी अक्षरं निसटतात, आणि पंखा किंवा टीव्ही चालू असला की जास्तच. अशा माणसावर दुर्लक्षाचा आरोप करत राहणं अन्यायाचं आहे.

डोकं जागेवर नसेल तेव्हा ऐकल्याचं सोंग करू नका, ते लगेच कळतं. "आत्ता दमलोय, जेवण झाल्यावर साडेनऊला बसू" म्हणा आणि साडेनऊला तुम्हीच विषय काढा. तिची वाट पाहू नका. ती बहुधा पुन्हा काढणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पर्स खुर्चीत पडली की विचारा, "आज सर काही बोलले का?"