सुटलेला माणूस पुन्हा आत जाऊ नये यासाठी फंडिंग कसं उभं करायचं

आधी तुरुंगातून सुटकेचा दिवस डोळ्यासमोर आणा. गेटबाहेर माणूस उभा आहे, हातात एक पिशवी, अटकेच्या वेळी काढून घेतलेला मोबाईल परत मिळालाय पण तो कधीचाच बंद पडलाय, ओळखपत्राची मुदत संपलीय, आत चालू असलेल्या गोळ्या दोन-चार दिवस पुरतील एवढ्याच आणि रात्री झोपायचं कुठे हे ठरलेलं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका बाहेरच्या सामान्य लोकांच्या जवळपास १३ पट निघाला आणि सगळ्यात मोठं कारण होतं ड्रग्जचा ओव्हरडोस. म्हणून तुम्ही देणगीदार असा, सरकारी खात्यात असा नाहीतर संस्था चालवत असा, बजेट बनवताना पहिली ओळ याच दोन आठवड्यांची लिहा. सुटकेच्या आधीच आत जाऊन भेटणारा माणूस, गेटवर घ्यायला येणारा माणूस, काही रात्रींची झोपायची सोय, ओळखपत्र, डॉक्टरची अपॉइंटमेंट. आणि केस वर्करच्या, म्हणजे सुटलेल्या माणसाला सोबत करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याच्या हातात थोडी रोख रक्कम, जी खर्च करायला त्याला तीन सह्या लागणार नाहीत, हे मी मुद्दाम लिहितेय कारण प्रवासभाड्याची मंजुरी येईपर्यंत इंटरव्ह्यूची तारीख निघून गेलेली मी पाहिलीय आणि मला त्या पोराला तोंड दाखवायची लाज वाटली होती.

आता पैसा आणायचा कुठून. सगळे एकच वाक्य म्हणतात, तुरुंगात ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. खरंय, पण बजेटवाल्यांसमोर हे वाक्य टिकत नाही, कारण एक कैदी कमी झाला तर फक्त त्याचं जेवण, कपडे, औषधं एवढाच खर्च वाचतो, बाकी गार्डचा पगार, वीज, इमारत सगळं तसंच राहतं. माणशी सरासरी खर्च गुणिले कमी झालेले कैदी असा हिशोब मांडलात तर समोरचा अकाउंटंट तो दोन मिनिटांत पाडेल आणि त्याचं बरोबरच असेल. खरी बचत होते ती बराक बंद झाली, अख्खा तुरुंग बंद झाला किंवा नवा बांधायचा होता तो बांधला नाही तेव्हाच. त्यामुळे मागणी करायची योग्य वेळ म्हणजे नव्या तुरुंगाचा प्रस्ताव टेबलावर असतो ती.

टेक्सासमध्ये २००७ ला नेमकं हेच झालं. २०१२ पर्यंत आणखी १७,००० बेड लागतील आणि त्याला साधारण २ अब्ज डॉलर जातील असा अंदाज समोर आला होता. रिपब्लिकन पक्षाचे जेरी मॅडन आणि डेमोक्रॅट पक्षाचे जॉन व्हिटमायर या दोन आमदारांनी मिळून त्याऐवजी २४ कोटी १० लाख डॉलर व्यसनमुक्ती उपचार, मानसिक आरोग्य आणि तुरुंगाला पर्यायी सोयींमध्ये घालायला लावले. पुढे २०११ मध्ये शुगर लँड इथला जुना तुरुंग बंद झाला, त्या राज्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. यात लक्षात ठेवायचं ते एवढंच की दोन्ही पक्षांचा एकेक माणूस बरोबर घ्या, एकाच पक्षाच्या जोरावर आणलेला पैसा सरकार बदललं की जातो.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. पैसे वाचवतो एक आणि ते खिशात पडतात दुसऱ्याच्या. काम करते वस्तीतली संस्था किंवा स्थानिक प्रशासन, बचत होते राज्याच्या तुरुंग खात्यात आणि ती रक्कम तिथेच मुरते. म्हणून बचतीचा वाटा कुणाला आणि किती हे काम सुरू व्हायच्या आधी कायद्यात नाहीतर करारात लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये असा कायदा केला की प्रोबेशनवरचे, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली ठेवलेले, कमी लोक राज्याच्या तुरुंगात गेले तर त्या बचतीतला हिस्सा त्या काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला मिळेल. पुढे २०१४ च्या प्रपोझिशन ४७ मध्ये, म्हणजे लोकांनी मतदान करून आणलेल्या कायद्यात, तर बचतीची वाटणीच ठरवून दिली, ६५ टक्के मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि तुरुंगाऐवजी उपचार अशा कामांना, २५ टक्के मुलांची शाळा सुटू नये म्हणून आणि १० टक्के पीडितांना. पीडितांचा वाटा ठेवला हे मला फार पटतं, ज्यांच्या घरात चोरी झाली मारहाण झाली त्यांना बाजूला ठेवून हे काम करूच नये, आणि वस्तीही मग सोबत येते.

तिसरा रस्ता सोशल इम्पॅक्ट बाँडचा, म्हणजे गुंतवणूकदार आधी पैसे घालतात आणि निकाल दिसला तरच सरकार परत करतं. पहिला बाँड इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या तुरुंगासाठी २०१० मध्ये आला, ५० लाख पाउंड, वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटणाऱ्या पुरुषांसाठी. पुन्हा दोषी ठरण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा, म्हणजे ही मदत न मिळालेल्या तशाच कैद्यांपेक्षा, ९ टक्क्यांनी कमी आलं आणि अट ७.५ टक्क्यांची होती, त्यामुळे २०१७ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे व्याजासकट परत मिळाले. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातल्या किशोरवयीन मुलांसाठी २०१२ मध्ये सुरू केलेला बाँड मात्र फसला, फरकच दिसला नाही म्हणून २०१५ मध्ये थांबवला. पण शहराला त्याचे पैसे द्यावे लागले नाहीत, झळ गुंतवणूकदाराला आणि हमी देणाऱ्याला बसली. माझं मत विचाराल तर छोट्या संस्थेने या भानगडीत पडू नये, वकील, ऑडिटर, मूल्यमापन करणारे यांच्यातच एवढा पैसा जातो की साधी तीन ते पाच वर्षांची ग्रँट मिळत असेल तर तीच घ्यावी. एका वर्षाची ग्रँट मात्र शक्यतो घेऊच नका, सहा महिने माणसं नेमण्यात जातात, चार महिने काम होतं आणि उरलेल्या दोनात केस वर्कर नवीन नोकरी शोधायला लागतो, मग ज्याने मोठ्या मुश्किलीने कुणावर तरी विश्वास टाकलेला असतो तो पुन्हा एकटा पडतो.

पैसा कशावर लावायचा यात चुका फार होतात. सगळ्यात सोपी माणसं निवडायची, म्हणजे रिपोर्ट छान दिसतो, ही पहिली चूक. अँड्र्यूज आणि बाँटा या कॅनडातल्या अभ्यासकांनी मांडलेलं तत्त्व सांगतं की जास्त धोका असलेल्यांवर जास्त मेहनत घ्या, कमी धोका असलेल्याला भारी कार्यक्रमात कोंबलं तर उलट नुकसान होऊ शकतं, कारण त्याची नोकरी, घरची माणसं यांच्यापासून तो तुटतो आणि संगत लागते ती अट्टल लोकांची. दुसरी चूक म्हणजे पोरांना तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम, त्यांनी गुन्हे कमी तर होत नाहीतच उलट वाढतात हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय, तरी अजून कुणी ना कुणी त्याला पैसे देतंच. विचार करायची सवय बदलणारं समुपदेशन, व्यसनावर उपचार, घर आणि काम, यात घाला.

आणि वस्तीला विचारा हो. ऑस्ट्रेलियात बर्क नावाच्या छोट्या गावात आदिवासी समाजाने मारंगुका नावाचं काम स्वतः उभं केलं, सुरुवातीला खासगी देणग्यांवर. आकडे घेऊन बसले तेव्हा दिसलं की बरीच तरुण मुलं लायसन्स नसताना गाडी चालवली म्हणून कोर्टकचेरीत अडकतायत, मग ड्रायव्हिंग शिकवून लायसन्स काढून द्यायचा कार्यक्रम सुरू केला. बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला हे सुचायला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

मोजमापाचं बजेट पहिल्याच अर्जात टाका, आणि तुलनेचा गट कोण हे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ठरवा. पुन्हा पकडला गेला की नाही असं फक्त हो-नाही मोजू नका, कारण मग एकदा पाय घसरलेल्या माणसावर मेहनत घेण्यात संस्थेला काही फायदाच उरत नाही. पीटरबरोत किती वेळा दोषी ठरला हे मोजलं, वर्षात सहा वेळा आत जाणारा एकदाच गेला तर तेही धरलं गेलं. शिवाय पोलिसांचा आणि कोर्टाचा डेटा मिळण्याचा करार आधी करा, यालाच कित्येक महिने जातात.

शेवटचं, ग्रँट संपायच्या वर्षभर आधी पुढचा पैसा कुठून येणार याची मीटिंग लावा आणि ती तारीख पहिल्याच करारात लिहून ठेवा. आणि ज्यांच्यासोबत काम चालू आहे त्यांना केस वर्कर बदलणार असेल तर निदान तीन महिने आधी सांगा, नव्या माणसाला घेऊन दोघांनी मिळून भेटायला जा, आणि या भेटींचा खर्चही बजेटमध्ये धरा.