पावसाआधी पॉलिशचं सामान लावून घेताना

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला दाखल होतो. त्यामुळे गाडीच्या पॉलिशचं सामान साफ करून जागच्या जागी लावून घ्यायला मे महिन्यातले रविवार हाताशी आहेत. एकदा पावसाने जोर धरला की उघड्यावर पॉलिशचं मशीन फिरवता येत नाही आणि सगळं सामान सप्टेंबरअखेरपर्यंत डब्यात पडून राहतं. हेच महिने त्याला सगळ्यात जड जातात. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा असतो. वाळूचा एखादा कण अडकलेला मशीनचा फोमचा पॅड त्यावरून फिरला तर उन्हात गाडी पाहताच गोल गोल ओरखड्यांचं जाळं चमकतं. म्हणून सामान लावताना दोनच गोष्टींवर नजर ठेवा: स्वच्छ वस्तूला मळकी लागू द्यायची नाही आणि ओल आत कोंडू द्यायची नाही.

आधी सगळं बाहेर काढा. जुनी चादर अंथरा आणि तीन ढीग करा: बॉडीचं, चाकांचं आणि आतल्या सफाईचं. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी बसलेली असते. ती धुतलेल्या फडक्यातही मागे राहते. त्यामुळे जे फडकं, ब्रश किंवा हातमोजा एकदा चाकाला लागला, तो पुन्हा बॉडीवर आणायचाच नाही. गाडी धुवायच्या बादल्याही वेगळ्या ठेवा आणि रेती अडवणारी तळाची जाळी काढून धुवा, कारण सगळी रेती तिच्याखालीच साचते.

पॅडना मात्र घाई करू नका. एकेक पॅड उजेडाकडे तिरका धरा आणि अंगठा कडेवरून फिरवा. वाळलेल्या कंपाउंडचा, म्हणजे ओरखडे घासून काढायच्या पेस्टचा, पांढरट, कडक थर बोटाला कचकच लागेल. असा पॅड कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबण घालून भिजवा, अंगठ्याने दाबून थर सोडवा, पण पिळू नका. फोम फाटतो आणि मागचं वेल्क्रो सुटायला लागतं. धुतलेला पॅड फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदात मुरणार नाही. वरून कोरडा लागला तरी आत ओल असू शकते. तेव्हा पंख्याखाली रात्रभर राहू द्या आणि मगच डब्यात ठेवा. कटिंग (ओरखडे काढायचे), पॉलिशिंग आणि फिनिशिंगचे (शेवटच्या चमकेचे) पॅड वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. फिनिशिंग पॅडला कटिंग कंपाउंडचा अंश जरी लागला, तरी शेवटचा हात फिरवताना चमक येण्याऐवजी रंगावर धुरकटपणा येतो. एकावर एक रचलेच तर वर वजन ठेवू नका. दबलेला फोम मशीनवर डगमगतो.

मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, सुती कपड्यांचा धागा त्यात अडकून बसतो. कपडे मऊ करणारं द्रावणही टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसला की फडकं पाणी शोषायचं सोडून ढकलायला लागतं. इस्त्री तर नकोच. कडेला शिवलेला लेबलचा तुकडा कापून टाका, तोही ओरखडा पाडतो. आणि बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका. समोर इमारतीचं काम चालू असेल तर सिमेंटची धूळ थेट फडक्यात जाते. घरात दोरीवर वाळवा, मग रंगानुसार वाटून झाकणाच्या डब्यात ठेवा. जमिनीवर पडलेलं फडकं झटकून परत वापरायचं नाही, ते चाकांच्या ढिगात टाका. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा असतील तर त्यांच्याकडे आपल्या गाडीपुरती दोन स्वच्छ फडकी द्या. ते नीट काम करतात, फक्त एकच फडकं सगळ्या गाड्यांवर फिरायला नको.

मशीनचा पॅड काढूनच मशीन ठेवा. पॅडवर टेकवलं की फोमला कायमचा खड्डा पडतो. वायर सैल गुंडाळा, मशीनभोवती ताणून आवळू नका. हवेच्या झडपांतली भुकटी कोरड्या ब्रशने काढा. बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून काढून ठेवा.

बाटल्यांची तोंडं पुसून झाकणं घट्ट लावा आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहा. झाकणाशी सुकलेला कंपाउंडचा खडा पॅडवर पडला तर त्याचाही ओरखडा उठतो. सिरॅमिक कोटिंगची (रंगावर कडक संरक्षक थर देणाऱ्या द्रवाची) उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपू नका, ते हवेतल्या ओलाव्याशीच घट्ट होतं आणि आपल्या हवेत तर लवकरच. क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी माती, झिपच्या पिशवीत ठेवा; ती माती खाली पडली असेल तर टाकून द्या. चाकांचा ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच एकाच खणात नकोत, मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल गॅसच्या शेगडीपासून आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. कुठलंही द्रव्य पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, घरात लहान मुलं असोत वा नसोत.

आता जागा. पार्किंगमध्ये सामान ठेवायला बहुतेक सोसायट्या परवानगी देत नाहीत, आणि तळमजल्यावर जमिनीला टेकवून ठेवणं तसंही धोक्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा नको, पण भरतीच्या वेळी दोन तास जोरात कोसळला तरी सखल भागात पाणी आत येतं. घरातला माळा चांगला, फक्त बाहेरच्या भिंतीला ओल येते तिथून चार बोटं अंतर ठेवा. जड बाटल्यांचा क्रेट माळ्यावर चढवू नका, तो खालच्या कपाटात ठेवा. माळ्यावर पॅड, फडकी आणि मशीन. डबे पारदर्शक घ्या, रबराची कड असलेल्या झाकणाचे, आणि प्रत्येकात सिलिका जेलची पुडी टाका. केशरी दाणे हिरवे झाले की पुडी बदला. निळे दाणे घेऊ नका, त्यांत सहसा कोबाल्ट क्लोराइड असतं. डबे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला पाहा. मशीनची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड चिकटतो ती चकती), ब्रश, स्क्रू वगैरे नागदेवी स्ट्रीटला विचारा, जुनी वस्तू दाखवायला बरोबर न्या.

डिकीत पावसाळ्यापुरतं थोडंच सामान राहू द्या: क्विक डिटेलर (वरवरची धूळ-डाग पुसायचा स्प्रे) आणि झिपच्या पिशवीत दोन स्वच्छ फडकी. झाडाखाली गाडी लागली आणि पक्ष्याची विष्ठा पडली तर ती त्याच दिवशी भिजवून काढावी लागते. मेमध्ये मात्र स्प्रे डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी फार तापते. आणि श्रावणात उघडीप मिळाली की एका दुपारी डबे उघडून पॅडचा वास घ्या. कुबट आला तर तो पॅड पुन्हा धुऊन पंख्याखाली ठेवा आणि त्या डब्यातली पुडीही बदला.