थारच्या रेतीत जाताय? या चुका टाळा

"रेतीच त पाह्याची हाय, थे का आपल्याले नवी हाय?" जैसलमेरला निघताना आमचे काका म्हणाले. आमचं गाव वर्धा नदीच्या काठावर. रेतीत खेळून मोठे झालो, मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊनही दरवर्षी सोसतो. याच भरवशावर निघालो आणि चुकाही याच भरवशामुळे झाल्या.

पहिली चूक कपड्यांची. वाळवंट म्हणजे ऊन, असं धरून जानेवारीत सगळ्यांनी सुती दुपट्टे घेतले. सूर्य बुडाला आणि तासाभरात पायाखालची रेती गार पडली. तिथे रेतीत ओल नाही, हवेत दमटपणा नाही, वर ढगही नाहीत. दिवसाची ऊब धरून ठेवणार कोण? तंबूत आईला रात्रभर हुडहुडी भरली होती. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि एक जाड चादर न्याच. शाळेच्या सुट्ट्या आहेत म्हणून मे महिना मात्र निवडू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे.

सूर्योदय पाहायला आपल्या घड्याळाने उठू नका. जैसलमेर आपल्या गावापेक्षा बरंच पश्चिमेला आहे, जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. आम्ही साडेपाचपासून कुडकुडत बसलो होतो. तरी पहाटच निवडा. जैसलमेरजवळच्या सम गावच्या रेतीच्या टेकड्यांवर संध्याकाळी जत्रा असते. सकाळी वाऱ्याने आखलेल्या लाटा कुणाच्या पावलांनी मोडलेल्या नसतात. ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही.

गाडी फसली तर? नदीत ट्रॅक्टर रुतला की आपण चाकाखाली पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, टाकतो आणि रेस देतो. तिथली रेती बारीक, कोरडी, गोल दाण्यांची. रेस दिली की चाक जागच्या जागी फिरून स्वतःचाच खड्डा खणतं. थांबा, चाकांपुढची रेती हातांनी उपसा, चारही टायरांची हवा बरीच कमी करा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी हळूहळू निघते. पक्क्या रस्त्यावर आल्यावर आधी हवा भरा. खरं तर आपली गाडी रस्त्यावरच ठेवून तिथल्या जीपवाल्यासोबत जाणं केव्हाही चांगलं.

टेकडी चढतानाही बाजू पाहा. ज्या अंगाने वारा येतो तो उतार लांब आणि घट्ट असतो; पलीकडचा उभा आणि भुसभुशीत, दोन पावलं चढलं की एक खाली. आम्ही उभ्या अंगानेच निघालो आणि अर्ध्यावर धाप लागली.

उंट आधी मागचे पाय उचलतो, तेव्हा स्वार पुढे फेकला जातो. उठताना आणि बसताना दोन्ही वेळा मागे रेला, खोगीर घट्ट धरा.

मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. काचेवर रेती बसली तर आधी फुंका, कापडाने घासलं की चरे पडतात.

आणि टेकड्यांवरून झुडपांत, गवतात जीप घालायला सांगू नका. लगतच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळांवरून दिसेनासा होत गेलेला माळढोक पक्षी तिथे अजून तग धरून आहे. त्याला तिकडे गोडावण म्हणतात. तो घरटं बांधत नाही. अंडं उघड्या जमिनीवर घालतो, बहुतेकदा एकच.