एक गल्ली, एक विषय

फोटोग्राफीचा स्वतःचा प्रकल्प करायचा म्हणजे लडाखच गाठायला हवं असं नाही. घरापासून पायी पंधरा मिनिटांवरची एक गल्ली निवडा आणि विषयही एकच ठेवा: वाड्यांचे दरवाजे, दुकानांच्या पाट्या, काहीही. ‘शहरातलं जीवन’ असला ऐसपैस विषय घेतलात तर तिसऱ्या रविवारी कंटाळाल.

पुण्यात असाल तर कसबा पेठेतली तांबट आळी घ्या, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली. तिथे माणसं दिसण्याआधी हातोडीची ठकठक ऐकू येते. नुसते हात टिपायचे ठरवा आणि त्या हातांखालचं मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीनं ठोके उमटवण्याचं काम. चकाकत्या तांब्यावर मोबाइल हमखास फसतो, भांडं पांढरंफटक येतं. स्क्रीनवर भांड्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण जरा खाली ओढा, की एकेक ठोका उठून दिसतो. कॅमेरा असेल तर हलती हातोडी धूसर हवी असल्यास शटर (उजेड आत सोडणारा पडदा) १/३० सेकंद उघडं ठेवा, गोठलेली हवी असल्यास १/५०० सेकंद.

पहिल्या फेरीत मात्र कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी विचारा, दोन शब्द बोला. (गिऱ्हाइकांच्या गर्दीत नको, कामात खोळंबा होतो.) पुढच्या खेपेला काढलेल्या फोटोची प्रिंट नेऊन द्या, तेवढ्यानं ओळख होते.

घरी आल्यावर प्रत्येक फेरीतले पाचच फोटो ठेवा, तारखेच्या फोल्डरमध्ये. दोन महिन्यांनी सगळ्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि एकसारखे वाटतील ते उचलून बाजूला ठेवा.