बाल्कनीतलं शिंजिराचं घरटं: बघावं कसं, जपावं कसं

वाळत घालायच्या दोरीला, केबलच्या लोंबत्या वायरीला किंवा सुकलेल्या वेलीला कचऱ्याचा पुंजका लटकलेला दिसला, तर झाडू उचलण्याआधी पाच मिनिटं लांबून बघा. कोळ्याच्या जाळ्यात गुंफलेले सालींचे तुकडे, वाळकी पानं, एका बाजूला भोक आणि भोकावर छोटासा छज्जा, असं असेल तर ते शिंजिराचं म्हणजे सूर्यपक्ष्याचं घरटं. बरेच जण त्याला हमिंगबर्ड म्हणतात. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. त्यांचं घरटं वाटीसारखं उघडं असतं आणि पिल्लं मादी एकटीच वाढवते. शिंजिराच्या पिल्लांना मात्र नरही भरवतो.

ठाण्यातल्या येऊरच्या पायथ्यापासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंतच्या सोसायट्यांत मुख्यतः दोन जाती दिसतात. दोन्ही जेमतेम १० सेंटिमीटरच्या. जांभळा शिंजीर विणीच्या काळात पूर्ण काळा-जांभळा चमकतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचं पोट पिवळं आणि छातीवर तपकिरी-तांबडा पट्टा असतो.

बघण्याची जागा घराच्या आत ठरवा. घरट्यापासून ३-४ मीटरवर, बंद काचेमागे बसा आणि खोलीतला दिवा मालवा, म्हणजे तुमची हालचाल पक्ष्याला दिसत नाही. एवढ्या जवळून बघायला २-३ मीटरवरही फोकस होणारी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या. मोबाइल स्टँडवर लावून झूम करा, फ्लॅश कायमचा बंद. रात्री बाल्कनीचा दिवाही नको. सकाळी सलग अर्धा तास बसून वहीत फक्त वेळा लिहा: कोण आलं, चोचीत काय होतं, किती वेळ थांबलं.

या वेळाच तुम्हाला आतलं सगळं सांगतात, म्हणून भोकात डोकावायची, टॉर्च मारायची काहीच गरज नाही. चोचीत जाळं, कापूस, तंतू असतील तर बांधकाम चालू आहे. ते बहुतांशी मादीच करते. घरटं पुरं झाल्यावर काही दिवस कोणी फिरकत नाही आणि घरातले 'सोडून गेली' म्हणून ते काढून टाकतात. हीच सर्वात मोठी चूक. मादी परत येते, बहुधा २ अंडी घालते. मग भोकातून तिची चोच तेवढी बाहेर दिसते आणि ती बराच वेळ हलत नाही. उबवणं साधारण १४ ते १६ दिवस चालतं. बांधकामात आणि अंड्यांच्या सुरुवातीला पक्षी घरटं सहज सोडतो, तेव्हा कुंड्या हलवणं, ग्रिल रंगवणं, एसीवाल्याला बोलावणं पुढे ढकला. कपडे दुसऱ्या दोरीवर वाळत घाला.

फेऱ्या अचानक वाढल्या आणि चोचीत कोळी, अळ्या, बारीक किडे दिसू लागले, की पिल्लं निघाली समजा. वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात, नुसत्या मधुरसावर पिल्लं वाढत नाहीत. म्हणून या दिवसांत बाल्कनीत कीटकनाशक अजिबात फवारू नका. साखरपाण्याची वाटीही नको, तिच्यामुळे मुंग्या येतात आणि मुंग्या घरट्यात शिरल्या तर पिल्लं वाचत नाहीत. त्यापेक्षा जास्वंद, एक्झोरा, हमेलिया लावा. आईबाप जाताना पांढरी पुडी घेऊन उडाले तर ती पिल्लांची विष्ठा. घरटं स्वच्छ ठेवायची ही त्यांची पद्धत.

कबुतरजाळी आधीच बसवली असेल आणि पक्षी तिच्यातून येत-जात असेल तर जाळीला हात लावू नका. नवी जाळी मात्र पिल्लं उडेपर्यंत थांबवा. मांजर आत ठेवा. कावळे आणि भारद्वाज टेहळणी करतात, तुम्ही सारखे जवळ गेलात तर जागा त्यांनाही कळते.

पावसाच्या झोडप्यात घरटं तुटून पडलं तर बांबूच्या छोट्या टोपलीत ते जसंच्या तसं उभं ठेवा, भोक पूर्वीच्याच दिशेला करा आणि टोपली सुतळीने त्याच जागी बांधा. मग आत जाऊन तासभर लांबून बघा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू खाली सापडलं तर हलक्या हाताने घरट्यात परत ठेवा. त्याच्या चोचीत पाणी, दूध, पाव काहीही घालू नका. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घरटं किंवा अंडी मोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे सोसायटीच्या सफाई कामगारांनाही आधीच सांगून ठेवा.

पिल्लं निघाल्यापासून साधारण अडीच आठवड्यांत उडतात. शेवटच्या चार-पाच दिवसांत भोकातून डोकी बाहेर दिसतात आणि फोटोचा मोह होतो. तेव्हाच जवळ जाऊ नका, घाबरून ती वेळेआधी उडी मारतात. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर टुणटुणत असेल तर उंच कुंडीतल्या झाडावर ठेवा आणि बाजूला व्हा. आईबाप पुढचे काही दिवस त्याला भरवत राहतात. या काळात पिल्लं चुकून हॉलमध्ये शिरतात, म्हणून बाल्कनीचं दार उघडं असताना पंखा बंद ठेवा.